तिकिटाची परंपरा

'आमच्या घरची ती परंपराच आहे' हे वाक्य गेल्या काही वर्षांत नागपुरात मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे, की त्यातल्या 'परंपरा' या शब्दाशी एकदा उघड भांडण करावे असे वाटू लागले आहे. हे वाक्य महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्यांविषयी आणि आंबिलीविषयी नसते; पोळ्याला दारी येणाऱ्या बैलजोडीविषयीही नसते. ते असते वॉटर पार्कविषयी. मे महिन्यातला ठरलेला एक रविवार, दोन गाड्या, तीन भावंडांची कुटुंबे, आल्या आल्या लाटांचा तलाव, मग उंच घसरगुंड्या, दुपारी त्याच कोपऱ्यातले तेच टेबल आणि निघताना फाटकाशी उभ्या असलेल्या त्याच सिमेंटच्या प्राण्याशेजारी काढलेला फोटो. ज्यांचा खिसा थोडा सैल आहे त्यांची हीच परंपरा हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीपर्यंत किंवा खोपोलीच्या इमॅजिकापर्यंत जाते; ज्यांची लेक-सून अमेरिकेत आहे त्यांची ऑर्लँडोपर्यंत.

माझ्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक या परंपरेचे पाईक आहेत. व्याकरणात एक काना चुकला तर पानभर लिहायला लावणारा हा माणूस. मागच्या उन्हाळ्यात भेटले तेव्हा म्हणाले, "हसशील तू, पण अकरा वर्षं झाली. करोनाची दोन सोडली तर एक उन्हाळा चुकवला नाही आम्ही. नातवंडं आता दुसरीकडे चला म्हटलं तरी ऐकत नाहीत." मी हसलो नाही. हसावे असे त्यात काहीही नव्हते. आणि हा लेख त्यांच्याविरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्यांनी एका चांगल्या गोष्टीला एका वाईट जागी नेऊन ठेवले आहे, एवढाच माझा आक्षेप आहे. पण तो पुरेसा गंभीर आहे.

प्रथम एक चुकीचा आक्षेप बाजूला सारला पाहिजे. आपल्याकडचा सुसंस्कृत टीकाकार अशा सहलींविषयी बोलू लागला, की त्याचा पहिला बाण पुनरावृत्तीवर असतो. दरवर्षी तेच काय? जगात पाहण्यासारखे इतके असताना त्याच प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून पुन्हा घसरण्यात कसला आनंद? हा प्रश्न विचारणारा मनुष्य बहुधा स्वतः दर हिवाळ्यात त्याच संगीत महोत्सवाला त्याच रांगेत बसतो. त्याला हे सुचत नाही, की महाराष्ट्राच्या संस्कृतीतले जे म्हणून थोर ते सगळे 'दरवर्षी तेच' आहे. पंढरीची वाट तीच, मुक्काम तेच, रिंगण तेच. विदर्भापुरते बोलायचे तर नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळच्या नागद्वारला जाणारी माणसे पाहावीत. तो डोंगर आता सातपुडा व्याघ्र प्रकल्पात आहे आणि ती वाट वर्षातून मोजके दिवसच उघडते. भर पावसात, लोखंडी शिड्या चढत, चिखलातून जाणारी ही कुटुंबे नागपूर, वर्धा, अमरावतीकडची असतात आणि 'यंदा वेगळ्या डोंगरावर जाऊ' असे त्यांतले कोणी म्हणत नाही. पुनरावृत्ती हा परंपरेचा दोष नसून तिचा श्वास आहे. मूल पहिल्या वर्षी फक्त पाहते, दुसऱ्या वर्षी ओळखते आणि तिसऱ्या वर्षी धाकट्याला सांगते. हे तिसरे वर्ष जिथे येते तिथे परंपरेची शक्यता निर्माण होते. सरांची नातवंडे 'दुसरीकडे नको' म्हणतात तेव्हा ती नेमके हेच मागत असतात.

तेव्हा मुलांची आणि आजोबांची मागणी खरी आहे. ती उद्भवली कशातून, हेही पाहिले पाहिजे. एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. अंगणात नुसताच उभा राहून गंजणारा ट्रॅक्टर आणि बापाच्या मरणानिमित्त एकत्र आलेली भावंडे, हे चित्र विदर्भातल्या किती घरांना आपले वाटले असेल! पण वाडा कोसळला याचे दुःख मांडणाऱ्या आपल्या साहित्याने एक साधा प्रश्न क्वचित विचारला: मग त्यानंतर ही चुलत-मावस भावंडे उन्हाळ्यात भेटली कुठे? मामाचा गाव विकला गेला, किंवा मामाच पुण्याला गेला. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये अकरा माणसे कूलरसमोर गाद्या टाकून चार दिवस झोपतील, पण पाचव्या दिवशी पाहुण्यांना आणि यजमानांना एकमेकांचा कंटाळा येतो. अशा वेळी 'सगळे मिळून एका ठिकाणी दिवसभर' ही सोय ज्याने बाजारात आणली त्याच्याकडे माणसे गेली, तर त्यांना उथळ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

याहून मोठी गोष्ट स्त्रियांची. मी हा लेख लिहायला घेतला तेव्हा ती माझ्या लक्षात नव्हती. सरांच्या सुनेने ती लक्षात आणून दिली. त्या म्हणाल्या, "मी लहान असताना माझे भाऊ भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. मला काठावर कपडे सांभाळायला बसवायचे." आपल्या समाजात पाण्याशी बाईचा संबंध भरण्याचा, उपसण्याचा, धुण्याचा आणि फार तर पर्वस्नानाचा. चाळिशीतली, साठीतली बाई भाड्याचा नायलॉनचा पोशाख चढवून, नणंदेचा हात धरून, लाटांच्या तलावात मनसोक्त ओरडते आहे, हे दृश्य ज्याला विद्रूप वाटते त्याच्या सौंदर्यदृष्टीविषयी मला काही म्हणायचे नाही. तिला पहिल्यांदाच असे पाणी मिळाले आहे, जे तिने भरलेले नाही. नदीने, घाटाने, सार्वजनिक तरणतलावाने जे तिला दिले नाही ते तिकिटाने दिले.

आणि जातीचे काय? परंपरेचे गोडवे गाताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो, की आपल्या बहुतेक जुन्या 'एकत्र जाण्या'ला दारे होती. इरावतीबाई कर्व्यांनी 'वाटचाल' या लेखात दिंडीतल्या माणसांचे जेवताना जातवार वेगळे होणे पाहून वाटलेली खंत नोंदवून ठेवली आहे. पाण्याची गोष्ट तर त्याहून कठोर आहे. तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायला १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. वॉटर पार्कच्या खिडकीवरचा मुलगा आडनाव विचारत नाही. शेकडो अनोळखी माणसे एकाच पाण्यात उतरतात आणि कोणाला विटाळ होत नाही. माझ्या एका आंबेडकरवादी मित्राचा या उद्यानांना पाठिंबा याच कारणासाठी आहे, आणि त्याचे म्हणणे खोडणे मला आजही जड जाते. ते खोडण्याची मला गरजही वाटत नाही. तिकीट जात विचारत नाही हे सत्य आहे. ते आणखी काय विचारते आणि काय देत नाही, हा माझा विषय आहे.

परंपरेत माणसाचा हक्क असतो. हे विधान मला जरा सविस्तर मांडू द्या, कारण भांडण सगळे इथे आहे. मंदिराची परंपरा अन्यायाची होती म्हणून तिच्या दाराशी भांडता आले. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह झाला. १९४७ साली साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले. 'हे दार आमचेही आहे' असे म्हणता येण्यासाठी ते दार कोणाच्या तरी खाजगी मालकीपलीकडचे आहे हे आधी मान्य असावे लागते. ज्या ठिकाणी प्रवेश नाकारला गेला त्या ठिकाणावरही नाकारलेल्यांचा दावा होता. वॉटर पार्कच्या फाटकाशी सत्याग्रह कोण करील आणि कशाच्या आधारावर? तिथे आपण अकरा उन्हाळे गेलो काय किंवा एकवीस, बाराव्या उन्हाळ्याला आपण पुन्हा गिऱ्हाईकच असतो. अकरा वर्षांची निष्ठा खिडकीवर दाखवता येत नाही. फार तर सवलतीचे कूपन मिळते.

हे काल्पनिक नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानातले 'अप्पू घर' १९८४ साली सुरू झाले, २००८ साली बंद झाले. मुंबईच्या गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली उघडले. त्याच्या जाहिरातीतले मूल घरी जायला नकार देई, हे त्या पिढीतल्या प्रत्येकाच्या स्मरणात आहे. (परंपरेचा आरंभ 'घरी जायचे नाही' या हट्टाने व्हावा, हे मला तेव्हाही विचित्र वाटले होते. असो.) २०२२ साली तेही बंद झाले. इमॅजिका २०१३ साली थाटामाटाने उघडले, कर्जात रुतले आणि दुसऱ्या समूहाच्या हाती गेले. आपल्या नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला 'क्रेझी कॅसल' होते. या गावात नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतर वाढलेल्या कितीतरी मुलांनी पहिली घसरगुंडी तिथे पाहिली. आज ते नाही. ती जागा मेट्रोच्या योजनेकडे गेली. यांतले प्रत्येक ठिकाण बंद झाले तेव्हा हजारो कुटुंबांची 'परंपरा' एका दिवसात संपली, आणि ती कुटुंबे काय करू शकली? त्यांनी जुने फोटो काढून पाहिले. मालकाला जाब विचारावा असे कोणाच्या मनातही आले नाही, आणि ते योग्यच होते; कारण जाब विचारण्याजोगे नाते तिथे कधी जुळलेच नव्हते.

अमेरिकेतही याहून निराळे नाही, जरी तिथे हा व्यवहार दोन-तीन पिढ्या जुना झाला आहे. वॉल्ट डिस्नेचे पहिले उद्यान १९५५ साली कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम गावी उघडले. ते संत्र्यांच्या बागा तोडून उभारले होते, हा तपशील नागपूरकराने जरा थांबून वाचावा. तिथे आजोबांनी नातवाला नेण्याची परंपरा खरोखरच झाली आहे. २०२३ साली डिस्नेच्या उद्यानांतली 'स्प्लॅश माउंटन' ही जुनी पाण्याची सफर बंद झाली तेव्हा तिच्यातले म्हणून सांगितलेले पाणी बरण्यांत भरून लोकांनी इंटरनेटवर विकायला काढले. आपण गंगाजलाची गडवी देवघरात ठेवतो, त्याचाच हा भाऊबंद म्हणायचा. ती बातमी वाचून मला हसू आले नाही, कणव आली. त्या माणसांना काहीतरी जपून ठेवायचे होते आणि जपण्याजोगे त्यांच्या हाती क्लोरीनच्या पाण्याखेरीज काही दिलेले नव्हते.

आता याच्या उलट उदाहरण, आणि तेही नागपूरचेच. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर दरवर्षी दीक्षाभूमीवर माणसे येतात. तेही 'दरवर्षी तेच' आहे. कडेवरची मुले, चादरीत बांधलेल्या भाकरी, रेल्वेच्या जनरल डब्यातला रात्रीचा प्रवास, आणि परतताना पिशवीत पुस्तके. पुस्तके घेऊन घरी जाणारी यात्रा जगात दुसरी कुठे आहे मला ठाऊक नाही. तिथे तिकीट नाही. २०२४ च्या जुलै महिन्याच्या पहिल्या दिवशी काय झाले ते आठवून पाहावे. दीक्षाभूमीच्या आवारात भूमिगत वाहनतळाचे काम चालू होते. स्तूपाला धोका होईल या भीतीने हजारो माणसे तिथे जमली, काम थांबवायला भाग पाडले, आणि सरकारला त्याच दिवशी स्थगिती जाहीर करावी लागली. त्या दिवशीच्या तोडफोडीचे समर्थन मी करत नाही. परंतु आयुष्यात वर्षाला एकदाच तिथे येणारी बाई ज्या अधिकाराने 'इथे खणायचे नाही' म्हणू शकली, तो अधिकार तिला कोणत्या कागदाने दिला होता? आजी आली होती, आई आली होती, आपण आलो, या ओळीने दिला. याला परंपरा म्हणतात. सर, तुमच्या अकरा उन्हाळ्यांना मी तो शब्द का देत नाही, ते यात आले.

कोणी म्हणेल, धर्माच्या जागेची आणि करमणुकीच्या जागेची तुलना अन्यायाची आहे. मला ते पटत नाही. करमणुकीची जागाही हक्काची असू शकते. गावची जत्रा करमणुकीचीच असते. आकाशपाळणा, मौत का कुआँ, रेवड्या, तमाशाचा फड. पाळणेवाला पैसे घेतो, पण जत्रा पाळणेवाल्याची नसते. पाळण्यात बसायला पैसे नसलेले पोरही जत्रेत हिंडू शकते, खालून पाळणा बघू शकते, आणि 'मी जत्रेला गेलो होतो' असे खरे सांगू शकते. मारबतीच्या मिरवणुकीत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अर्धे नागपूर रस्त्यावर असते आणि बडग्यांवर लिहिलेल्या शिव्या वाचून हसते. १८८१ पासून काळी मारबत निघते असे सांगतात. त्या गर्दीला कुंपण घालून खिडकी बसवा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

कुंपणाच्या आतल्या पुनरावृत्तीचे स्वरूपही जरा तपासू. या धंद्याचे गणित असे, की उभारणीचा खर्च प्रचंड आणि एकदा आलेला माणूस पुन्हा आला नाही तर तो वसूल होत नाही. म्हणून दर काही वर्षांनी एक नवी घसरगुंडी, एक नवे यंत्र. म्हणून वर्षभराचा पास. म्हणून शाळांच्या सहलींना सवलत, कारण सहलीला आलेले मूल पुढच्या रविवारी आईबापांना घेऊन येते. मुलाची उंची मोजायची ती रंगीत पट्टी मला या सगळ्यात फार बोलकी वाटते. गेल्या वर्षी ज्या घसरगुंडीवर बसू दिले नाही तिच्यापाशी पोरगा यंदा टाचा जुळवून उभा राहतो आणि रखवालदार मान डोलावतो. हा त्याच्या मोठे होण्याचा खरा सोहळा आहे, यात मला शंका नाही. आई डोळे पुसते. पूर्वी दाराच्या चौकटीवर वडील पेन्सिलीने रेघ मारत. चौकट घरातली होती.

आणि डबा. ज्यांना मी फार भावनिक झालो असे वाटेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा. एका अशा उद्यानाच्या फाटकाशी (कोणत्या, ते महत्त्वाचे नाही, पाटी बहुतेक ठिकाणी सारखीच असते) मी एका आजीबाईंना पिशवीतला स्टीलचा डबा उघडून दाखवताना पाहिले. तिखटमिठाच्या पुऱ्या, लोणचे, संत्र्याची बर्फी. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. रखवालदार पोरसवदा होता, त्याला संकोच वाटत होता, 'आजी, गाडीत ठेवून या ना' असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. डबा गाडीत गेला. त्या दिवशी उन्हात उभ्या असलेल्या त्या गाडीत पुऱ्यांचे काय झाले असेल ते नागपूरकराला सांगायला नको. नागद्वारच्या वाटेवर विदर्भातली मंडळे तंबू ठोकून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात, आणि इथे स्वतःच्या नातवाला स्वतःच्या हातचे खाऊ घालता येत नाही. ज्या परंपरेच्या दारातून आजीचा डबा आत जात नाही तिला कौटुंबिक म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे, आणि हे मी व्याकरणाच्या शिक्षकांच्याच शब्दकोशाला स्मरून म्हणतो.

पाण्याविषयी थोडक्यात बोलतो, कारण त्याविषयी बोलले गेले आहे. बोलूनही काही झाले नाही, एवढेच. २००५ च्या उन्हाळ्यात पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या बाजारगावविषयी लिहिले. काही दिवसांआड पाणी मिळणाऱ्या गावाच्या शिवारात अठरा प्रकारच्या घसरगुंड्यांचे जलोद्यान आणि शून्याखालच्या तापमानाचा बर्फाचा घुमट. तो वृत्तान्त पुढे अकरावीच्या समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात घेतला गेला. म्हणजे ज्या मुलांनी तो परीक्षेसाठी वाचला तीच मुले उन्हाळ्यात अशाच घसरगुंड्यांवरून घसरली असणार, आणि त्यांना त्यात विसंगती वाटली नसेल तर चूक त्यांची नाही. उद्यानवाले म्हणतात, आमचे पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरले जाते. खरे आहे, पण पंचेचाळीस अंशांत उघड्या तलावावरून जी वाफ उडते ती गाळणीत सापडत नाही, आणि तिची भर घालावीच लागते. २०१९ च्या जुलैत पेंचचे जलाशय आटले आणि नागपूर महापालिकेला एक दिवसाआड पाणी द्यावे लागले, तेव्हा शहराला प्रथमच बाजारगावची थोडीशी चव कळली. महिन्याभरात पाऊस आला आणि ती विसरली गेली.

जमिनीचे मात्र विसरता येणार नाही. अंबाझरी परिसरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन होते. लग्ने, सभा, व्याख्याने, कवी संमेलने. साधी वास्तू, साधे भाडे. पर्यटन विकास महामंडळाकडून ती जागा एका खाजगी कंपनीला करमणूक उद्यानासाठी भाडेपट्ट्याने गेली आणि २०२१ साली, करोनाच्या सावटात, भवन पाडले गेले. पुढे तिथे धरणे सुरू झाले. पुढाकार स्त्रियांचा होता. उन्हातान्हात, पावसात महिनोन् महिने त्या तिथे बसल्या. तिकीट जात विचारत नाही, असे सांगणाऱ्या माझ्या मित्राला मी हे धरणे दाखवायला नेले होते. तो बराच वेळ बोलला नाही. नंतर म्हणाला, "तिकीट विचारत नाही. पण खिडकी कुठे बसवायची हे कुणीतरी ठरवतं." यापेक्षा नेमके मला सुचले नसते. ज्या जागेवर माणसांचा वहिवाटीचा हक्क होता तिथेच खिडकी उभी राहावी, हा योगायोग म्हणून सोडून देता येणारा प्रकार नाही. शहरात मोकळी, पाण्याकाठची, सावलीची जागा मुळात कमी. जी असते ती सार्वजनिक असते. आणि करमणुकीचा धंदा नेमकी तीच मागतो, कारण दुसरी जागा असतच नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडून खालच्या वस्त्या बुडाल्या, तेव्हा तलावाखालच्या भागात नाग नदीच्या वाटेत आपण काय काय उभारून ठेवले आहे याची चर्चा झाली. तीही आता फायलींत आणि न्यायालयाच्या तारखांत आहे.

हे सगळे मी सरांना सांगितले. त्यांच्या घरी, कूलरसमोर, पन्ह्याचा पेला हातात घेऊन. त्यांनी शाळेतल्यासारखे डोळे मिटून ऐकले आणि शेवटी विचारले, "ते सगळं खरं. पण त्या रविवारी आम्ही अकरा जणांनी जायचं कुठं, ते सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हते असे नाही; उत्तर होते, पण ते त्या रविवारपुरते नव्हते. शेहेचाळीस अंशांच्या गावात लेकराबाळांना, बायकांना, म्हाताऱ्यांना पाण्यात पाय सोडून बसता येईल अशी एक सार्वजनिक, स्वस्त, डबा नेता येईल अशी जागा महापालिकेने द्यावी, हे मागणे काही अवाजवी नाही. आपण रस्त्यांसाठी मोर्चे काढतो, उड्डाणपुलांची उद्घाटने मोजतो, पण पाण्याच्या काठी बसण्याची जागा मागावी असे आपल्याला सुचत नाही, कारण ती विकत मिळते असे आपण समजून चाललो आहोत. आणि जिथे सरकारी जमीन भाडेपट्ट्याने करमणुकीसाठी दिलीच आहे, तिथल्या करारात आठवड्यातून एक दिवस नाममात्र प्रवेश, आजूबाजूच्या गावातल्या मुलांना मुक्त प्रवेश, आणि घरचे अन्न आत नेण्याची मुभा ही कलमे का असू नयेत? भाडेपट्टा देणारे आपणच आहोत.

"मग तसा अर्ज लिही," सर म्हणाले. "सही मी करतो. बाकीच्यांच्या मी आणतो. तिथे दरवर्षी भेटणारी पाच-सात कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत."

ही मला बातमी होती. अकरा वर्षांत त्याच टेबलाशेजारी बसणारी कुटुंबे एकमेकांची नावे, मुलांचे निकाल, गुडघ्यांची ऑपरेशने यांची चौकशी करू लागली होती. त्यांतल्या एकांच्या मुलीच्या लग्नाला सर सहकुटुंब वर्ध्याला जाऊन आले होते. अर्जाचा कच्चा मसुदा मी दोन दिवसांनी नेऊन दिला. त्यांनी तांबड्या शाईने चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले, 'नम्र विनंती' खोडून 'मागणी' लिहिले आणि सह्यांसाठी खाली पंधरा ओळी आखल्या.